रिकाम्या पाळण्याचे भाडे

गेल्या ऑगस्टमधील एका रविवारची गोष्ट. दुपारची जेवणे आटोपून मी नुकताच आरामखुर्चीत टेकलो होतो, तोच सांगलीहून अक्काचा दूरध्वनी आला. "लेस्टरहून पोरीचा फोन आला होता. रडत होती. बाळाच्या पाळणाघराचं काहीतरी झालंय, पैशाचं आहे. मला काही उमजलं नाही, तू जरा बघ," एवढे बोलून तिने फोन ठेवला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला नातेवाइकांत एक पद तहहयात मिळते. पैशाचा कागद कोणाच्याही घरी येवो, तो फिरत फिरत त्याच्याच टेबलावर येऊन पडतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. त्या निमित्ताने माणसांची विचारपूस होते.

भाची आणि जावईबापू गेली चार वर्षे इंग्लंडमधील लेस्टर येथे राहतात. जावईबापू अभियंते आहेत. भाची माझ्यासारखीच वाणिज्य शाखेची. बाळंतपणानंतर चौदा महिने ती घरी होती. पुढे एका कंपनीच्या लेखा विभागात तिला नोकरी मिळाली आणि रुजू होण्याचा दिवस ठरला १ सप्टेंबर. घरात सासू नाही, आई नाही. बाळाची सोय झाल्याखेरीज नोकरीला अर्थ नव्हता. म्हणून जूनमध्येच घराजवळच्या एका नर्सरीत तिने आठवड्यातील चार दिवसांची जागा धरून ठेवली. नर्सरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेचा पहिला वर्ग येतो. तेथे मात्र काही महिन्यांच्या तान्ह्यापासून शाळेत जाण्याच्या वयापर्यंतच्या मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या संस्थेला नर्सरी म्हणतात. आपले पाळणाघर आणि बालवाडी एका छताखाली आणली तर जे होईल ते.

आकडे आधी सांगतो, कारण पुढची सारी कथा आकड्यांचीच आहे. दिवसाला ७० पौंड, म्हणजे आठवड्याला २८०. वर्षाचे ५१ आठवडे धरून बारा सारखे हप्ते पाडले की महिन्याला १,१९० पौंड. याशिवाय नोंदणीचे ७५ आणि अनामत ३५०. कोणी म्हणेल की तेथे सरकार मुलांच्या सांभाळाचा खर्च देते. देते खरे. नोकरी करणाऱ्या आईबापांना मूल नऊ महिन्यांचे झाल्यापासून वर्षातील ३८ आठवडे, आठवड्याला ३० तास, अशी सवलत इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाली. पण कामाच्या व्हिसावर गेलेल्या बहुतेक कुटुंबांच्या परवान्यावर सरकारी निधीचा लाभ मिळणार नाही अशी अट असते, आणि ती पतिपत्नी दोघांनाही लागू असली तर ही सवलत त्यांना मिळत नाही. आपल्या मुली-सुना तेथे गेल्या की पूर्ण दराने पैसे मोजतात, हे येथे बसून आपल्या ध्यानात येत नाही.

ऑगस्टच्या मध्यास कंपनीने कळवले की विभागाची फेरमांडणी चालू आहे, सबब नेमणूक जानेवारीपर्यंत पुढे ढकलली आहे. भाचीने त्याच दिवशी नर्सरीला लिहिले की सप्टेंबरची जागा आता नको. चौथ्या दिवशी उत्तर आले. अनामत जप्त, शिवाय दोन महिन्यांचे शुल्क २,३८० पौंड चौदा दिवसांत भरावे. मिळून २,७३०. आपल्या रुपयांत तीन लाखांच्या वर. आणि हे कशासाठी, तर ज्या खोलीत बाळाने पाऊलही ठेवले नाही तिच्यासाठी.

ती रडत होती ते केवळ पैशासाठी नव्हे, हे मला त्या संध्याकाळी उमगले. एवढी रक्कम हातची गेली असती तर जानेवारीत पुन्हा जागा धरण्यासाठी काही उरले नसते, आणि मग घरातूनच कोणीतरी म्हणाले असते, "राहू दे आता नोकरीचं." सासरहून तसा एक सूर निघालाही होता.

रात्री चार ठिकाणची माणसे एका व्हिडिओ कॉलवर जमली. दाजींचे, म्हणजे अक्काच्या यजमानांचे, सांगलीच्या कापड पेठेत चाळीस वर्षांचे दुकान आहे. ते प्रथम बोलले. "सही केली आहे ना? मग भरून टाकायचं. सौदा झाला की बाजार चढो नाहीतर पडो, शब्द तो शब्द. आपल्यात असंच चालत आलंय." जावईबापू तरुण रक्ताचे. ते म्हणाले, "मामा, मी बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिटच बंद करतो. खात्यातून पैसे गेले नाहीत की त्यांनाच यावं लागेल माझ्याकडे."

मी दोघांनाही थांबवले, पण आधी जावईबापूंना, कारण त्यांची चूक अधिक महागाची होती. बँकेच्या नोकरीत मी किती जणांना धनादेश थांबवून निर्धास्त झोपताना पाहिले आहे आणि पुढे तेच लोक वकिलाची नोटीस हातात घेऊन काउंटरपाशी उभे राहिलेले पाहिले आहेत. बँकेला दिलेला हुकूम थांबवला म्हणजे देणे थांबत नाही. डायरेक्ट डेबिट ही केवळ पैसे जाण्याची वाट आहे. करार तिच्याबाहेर, कागदावर, जसाच्या तसा उभा असतो. आपल्याकडील हप्त्याचे आपोआप वळते होणारे मँडेटही तसेच. इंग्लंडमध्ये असे थकलेले बिल दिवाणी न्यायालयात गेले, तुमच्याविरुद्ध निकाल झाला आणि रक्कम महिन्याभरात भरली नाही, तर त्याची नोंद सहा वर्षे सार्वजनिक नोंदवहीत राहते. कर्ज देणारी प्रत्येक संस्था ती पाहते. ह्या दोघांच्या मनात दोन वर्षांत घर घ्यायचे आहे. दोन हजार पौंडांच्या रागापायी घराचे कर्ज गमावणे हा कसला हिशेब?

"मग मामा, भरायचे का सगळे?" भाचीने विचारले.

"नाही. आधी मला करार पाठव. सगळी पाने. आणि जूनपासूनचा त्यांचा-तुझा जेवढा पत्रव्यवहार असेल तेवढा."

करार अकरा पानांचा होता. असे कागद वाचण्याची माझी एक जुनी सवय आहे. प्रथम 'ग्राहकाने मोडले तर' हे कलम वाचायचे आणि लगेच 'संस्थेने मोडले तर' हे कलम शोधून दोन्ही शेजारी ठेवायची. तसे केल्यावर चित्र असे दिसले. मूल नर्सरीत येऊ लागल्यावर काढून घ्यायचे असेल तर एक महिन्याची पूर्वसूचना पुरे. मूल येण्यापूर्वीच जागा सोडली तर मात्र दोन महिन्यांचे शुल्क आणि वर अनामतही जप्त. म्हणजे जो आला आणि गेला त्याला एक महिना, जो आलाच नाही त्याला दुप्पट! आणि संस्थेला जागा देता आली नाही तर? दोन आठवडे आधी कळवून अनामत परत. बाकी काही देणे नाही.

दाजी ऐकत होते. ते म्हणाले, "पण त्यांचाही तोटा होतोच की. जागा रिकामी राहिली तर बायकांचे पगार चुकतात का?" हा प्रश्न व्यापाऱ्याचा आहे आणि रास्त आहे. म्हणून त्यावर जरा थांबतो.

इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे किमान एक कर्मचारी असलाच पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण पाचास एक असे आहे. सप्टेंबर २०२३ पूर्वी चारास एक होते. तान्ह्यांच्या खोलीतील एक जागा म्हणजे एका माणसाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. जागा रिकामी राहिली तरी उरलेल्या दोघांसाठी ती बाई ठेवावीच लागते. शिवाय शाळा सप्टेंबरात सुरू होतात. मोठी मुले शाळेत जातात, लहान वरच्या खोलीत सरकतात आणि तान्ह्यांच्या जागा त्याच महिन्यात मोकळ्या होतात. जूनमध्ये ज्यांना 'जागा नाही' सांगितले ते ऑगस्टपर्यंत दुसरीकडे गेलेले असू शकतात. पूर्वसूचनेची अट ही नर्सरीची लबाडी नव्हे. तिच्यावाचून ते घर चालणारच नाही. ज्याने दुकानात भर हंगामात नोकर ठेवून पाहिले आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा प्रश्न भरपाई द्यावी की नाही हा नव्हता. प्रश्न होता किती.

येथे आपली माणसे हमखास चुकतात. ती कारण सांगत बसतात. नोकरी पुढे गेली, सासूबाई आजारी पडल्या, बदली झाली. कारण खरे असते, ऐकणाऱ्याला वाईटही वाटते. पण करारापुढे त्याचे वजन शून्य. कंपनीने शब्द फिरवला ह्यात नर्सरीचा काय दोष? आपल्या बेतातील बदलाची जोखीम आपली. भाचीच्या पहिल्या पत्रात नोकरीची हकीकत दीड पान होती आणि रकमेविषयी एक ओळ. मी ते प्रमाण उलटे करायला सांगितले.

रकमेविषयी मात्र तेथील कायदा ग्राहकाच्या बाजूने बरेच बोलतो. 'कन्झ्युमर राइट्स ॲक्ट, २०१५' असे त्याचे नाव. १ ऑक्टोबर २०१५ पासून तो लागू आहे. करारातील जे कलम दोन पक्षांचा तोल ग्राहकाच्या अहिताकडे मोठ्या प्रमाणात झुकवते, ते ग्राहकावर बंधनकारक नाही, असे त्याचे ६२ वे कलम सांगते. मागे एक परिशिष्ट आहे. कोणती कलमे अन्याय्य ठरू शकतात याचे नमुने त्यात दिले आहेत. त्यांतील दोन आमच्या कागदावर नेमके बसत होते. एक, ग्राहकाने करार पाळला नाही तर प्रमाणाबाहेर मोठी रक्कम, किंवा न दिलेल्या सेवेचे पैसे मागणे. दुसरा, ग्राहकाने माघार घेतल्यास त्याचे पैसे ठेवून घेणे, पण संस्थेने माघार घेतल्यास ग्राहकाला तेवढीच भरपाई न देणे. तेथील स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, नर्सरीचालकांना एक खुले पत्रच लिहिले होते. न दिलेल्या सेवेचे पूर्ण किंवा अवाजवी शुल्क आणि जाचक रद्दीकरणाच्या अटी यांबद्दल त्यात स्पष्ट इशारा होता.

जावईबापूंना हे ऐकून चेव आला. "म्हणजे काहीच द्यायला नको!" त्यांना आवरण्यासाठी मी दोन निकाल सांगितले. १९१४ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे डनलॉप कंपनीचा खटला आला होता. ठरलेल्या भावाखाली टायर विकल्यास टायरमागे पाच पौंड द्यावेत, असा विक्रेत्याशी करार होता. तो दंड नसून तोट्याचा प्रामाणिक पूर्वअंदाज आहे, असे ठरले आणि विक्रेता हरला. शंभरएक वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, चेम्सफर्ड येथील एका वाहनतळाचा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन तास मोफत. एक गृहस्थ ५६ मिनिटे जास्त थांबले, आकार ८५ पौंड. वाहनतळ चालवणाऱ्याचा प्रत्यक्ष तोटा तेवढा नव्हता. तरीही जागा खेळती ठेवण्यात त्याचे रास्त हित आहे आणि रक्कम अवाच्या सवा नाही, म्हणून आकार कायम झाला. तेव्हा 'अन्याय' हा शब्द उच्चारल्याने रक्कम कमी होत नसते. तोटा किती झाला आणि मागणी किती आहे, ह्यांतील अंतर दाखवावे लागते.

दाजींचे मन अजून शब्दावरच अडले होते. "आमच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधतात. ॲडव्हान्स घेतो. पावतीवर छापलेलं आहे, ॲडव्हान्स परत मिळणार नाही. उद्या कोणी लग्न मोडलं म्हणून आला तर मी काय त्याला तोटा मोजून दाखवत बसू?"

"दाजी, कोर्टात गेला तर दाखवावाच लागेल," मी म्हणालो. मग मला आपल्या घरचा कायदा काढावा लागला. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे ७४ वे कलम सांगते की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे लिहिलेले असले, तरी ती केवळ कमाल मर्यादा. मिळते ती तिच्या आतली वाजवी भरपाई. त्याआधीचे ७३ वे कलम असेही सांगते की तोटा मोजताना तो टाळण्याची जी साधने हाती होती तीही विचारात घ्यायची. एका गिऱ्हाइकाने सोडलेली साडी दुसऱ्याला विकली गेली असेल, तर तोटा कसला?

सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास ह्या जमिनीच्या व्यवहारात हेच लावले. खरेदीदाराने २५,००० रुपये दिले होते. त्यांतील १,००० इसाराचे. ते जप्त होण्याबद्दल वाद उरला नव्हता. उरलेले २४,००० मात्र केवळ साटेखतात तसे लिहिले आहे म्हणून विकणाऱ्याला ठेवता येईनात. आणि १९६९ चा मौला बक्ष यांचा निकाल तर प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावा असा आहे. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचा ठेका. अनामत एकूण १८,५०० रुपये. (आमच्या वाचकांपैकी कोणी त्या धंद्यात असण्याचा संभव नाही, परंतु तत्त्व साखरेलाही तेच आणि सुतालाही तेच.) पुरवठा झाला नाही, सरकारने अनामत जप्त केली. न्यायालयाने विचारले, तुम्ही तो माल नंतर बाजारातून कोणत्या भावाने घेतला? तो पुरावा देणे शक्य असूनही सरकारने दिला नव्हता. अनामत परत करावी लागली.

दाजी काही बोलले नाहीत. पानाचा डबा पुढे ओढला एवढेच पडद्यावर दिसले.

आता पत्राकडे वळू. मी मजकूर मराठीत सांगितला, इंग्रजी भाचीचे. सूर नम्र, वाक्ये लहान. जागा सोडल्याने तुमचे काही नुकसान होणार हे मला मान्य आहे आणि ते भरून देण्याची माझी तयारी आहे, अशी सुरुवात. दान देण्याची भाषा नव्हे, देणे मान्य करण्याची भाषा. त्यानंतर येणाऱ्या मुलाला एक महिना आणि न आलेल्या मुलाला दोन, ह्या दोन कलमांकडे बोट. संस्थेने माघार घेतली तर काय होते, हे कलमही शेजारी. मग तीन साधे प्रश्न : प्रतीक्षायादीत ह्या खोलीसाठी किती मुले आहेत, माझे पत्र मिळाल्यावर त्यांना कधी कळवले, आणि जागा कोणत्या तारखेपासून भरली जाईल. शेवटी, तोट्याचा हिशेब मिळाल्यावर आठ दिवसांत रक्कम देईन. तोवर बिलातील वादग्रस्त रक्कम मला अमान्य आहे.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम घालायला लावतो. गप्प बसणारा माणूस देणे मान्य करणारा समजला जातो.

पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणे दोन ओळींचे आले : अटी सर्वांना सारख्या, आपण सही केली आहे. दरम्यान मी जूनचा पत्रव्यवहार चाळत होतो आणि तेथे जे हवे होते ते सापडले. भाचीने सही करायला दोन दिवस उशीर केला होता, तेव्हा नर्सरीच्या व्यवस्थापिकेने तिला घाईचा संदेश धाडला होता : ह्याच खोलीसाठी तीन कुटुंबे थांबली आहेत, उद्यापर्यंत निर्णय कळवा. जूनमध्ये गिऱ्हाईक घाईला आणण्यासाठी लिहिलेले वाक्य ऑगस्टमध्ये त्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभे राहिले. दुसऱ्या पत्रात आम्ही एवढेच विचारले की त्या तीन कुटुंबांना आपण कळवले का. सोबत त्या संदेशाची प्रत.

दहा दिवसांनी व्यवस्थापिकेचा फोन आला. बाई बोलायला चांगल्या होत्या, असे भाची म्हणाली. त्यांच्याही डोक्यावर मालक होते. जागा २२ सप्टेंबरपासून भरली होती. म्हणजे रिकामी राहिली तीन आठवडे; २८० प्रमाणे ८४० पौंड. नव्या मुलाच्या नोंदणीची कामे, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बदलणे, असा एक आठवडा धरून चार आठवड्यांचे १,१२० त्यांनी मागितले. अनामतीचे ३५० त्यात वळते करून उरले ७७०.

इथे घरात पुन्हा दोन तट पडले. जावईबापूंना चौथ्या आठवड्याचे २८० पौंड द्यायचे नव्हते. न्यायालयात जाऊ म्हणत होते. इंग्लंड-वेल्समध्ये दहा हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यांना सोपी, वकिलावाचून चालणारी वाट आहे, आणि मे २०२४ पासून अशा पैशाच्या दाव्यांत दोन्ही पक्षांना आधी तासाभराची विनाशुल्क मध्यस्थी करावीच लागते. वाट चांगली आहे. गरज पडली असती तर मीच तिकडे पाठवले असते. पण चार आठवडे म्हणजे त्यांच्याच करारातील, मूल येऊ लागल्यानंतरच्या, पूर्वसूचनेइतकी मुदत. ती रक्कम कोणत्याही न्यायाधीशाला अवाजवी वाटेल असे मला वाटत नव्हते, आणि मी तसे सांगितले. निर्णय भाचीने घेतला. "मामा, जानेवारीत मला परत त्यांच्याच दारात जायचं आहे. चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी नर्सरी नाही," ती म्हणाली. तिने ७७० दिले.

देण्यापूर्वी एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. ह्या रकमेने उभय पक्षांतील हा व्यवहार पूर्ण व अंतिम मिटला, पुढे कोणतीही बाकी नाही, असे नर्सरीकडून लेखी घेतले आणि मगच पैसे पाठवले. तोंडी तडजोडीवर भरलेले पैसे सहा महिन्यांनी 'अंशतः मिळाले' म्हणून खात्यात जमा झालेले मी पाहिले आहेत.

आता येथील वाचकांसाठी थोडे. पुणे-मुंबईकडे आपल्या घरांतील सुना नोकरीला, दुकानाच्या ऑनलाइन कामाला बाहेर पडू लागल्या आहेत आणि पाळणाघरे तीन महिन्यांचे, कधी सहा महिन्यांचे शुल्क आगाऊ घेतात. आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अन्याय्य करार' अशी स्वतंत्र व्याख्या आहे. अवास्तव मोठी अनामत आणि तोट्याच्या मानाने पूर्णपणे प्रमाणाबाहेरचा दंड, दोन्ही तिच्यात येतात. मात्र केवळ करार अन्याय्य आहे म्हणून तक्रार करायची, तर ती जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. आणखी एक खाच आहे. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये दिला. शिकवणी वर्ग त्यातून वगळले. म्हणून पावतीवर 'सांभाळ' लिहिले आहे की 'शाळा', हे पैसे भरतानाच पाहून ठेवावे. प्रथम फोन करायचा असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५.

नोव्हेंबरात भाचीने त्याच नर्सरीत जानेवारीची जागा धरली. ह्या वेळी सही करण्यापूर्वी तिने दोन दुरुस्त्या मागितल्या : मूल येण्यापूर्वी जागा सोडल्यास एकच महिना, आणि त्या अवधीत जागा भरली गेली तर भरलेल्या दिवसांचे पैसे परत. पहिली त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीसाठी मालकाला विचारावे लागले. आठवड्याने होकार आला. बाळ आता चार दिवस तेथे असते आणि घरी येऊन आमच्याशी फोनवर अर्धे इंग्रजी, अर्धे सांगलीचे बोलते.

सांगलीला मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दाजींनी आपण होऊन एक प्रकरण सांगितले. एका गावच्या पाटलांनी बस्त्याचे चाळीस हजार आगाऊ दिले होते. मुलीच्या आजोबांचे निधन झाले, लग्न वर्षभर पुढे गेले. दाजींनी शिवून झालेल्या पोलक्यांचे पैसे वजा केले आणि उरलेली रक्कम परत दिली. मी पावतीपुस्तक मागून पाहिले. खालची ओळ अजून तशीच छापलेली आहे. नवे पुस्तक दिवाळीला छापायचे आहे, असे ते म्हणतात.